धागा, दिवा आणि अक्षर



कै. गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन शाळेची मंडळी माझ्या घरी आली, तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा गुजरातेतील मराठी भाषेच्या स्थितीवर बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. ज्याने सारे आयुष्य मराठी शिकविण्यात घालविले आणि ज्याचा पीएच.डी.चा प्रबंध संतकाव्यातील वस्त्राच्या रूपकांवर आहे, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करावयाची? मी विषय सांगितला तो असा: कपड्यावर शिवता येणारे विजेचे दिवे आणि त्या दिव्यांना आज्ञा देणारा नखाएवढा संगणक. मंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहू लागली. एकाने अदबीने विचारले, "सर, आपण गंमत करीत आहात ना?"

गंमत नव्हती. मी अभियंता नाही, आणि या वयात होणारही नाही. परंतु आज जे सांगणार आहे, ते मी गेली चार वर्षे स्वतःच्या हातांनी करून पाहिलेले आहे. गुरुजींच्या स्मृतीशी या विषयाचा संबंध काय, तेही बोलण्याच्या ओघात येईल. तो संबंध माझ्या दृष्टीने एका जुन्या देण्याचा आहे.

विषयाचा उगम

आम्ही पाचसहा वृद्ध पहाटे साडेपाचच्या सुमारास तापीच्या बाजूने फिरावयास जात असू. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्यापैकी एकाला मागून येणाऱ्या मोटारसायकलची धडक बसली. मांडीचे हाड मोडले. पुढे तो बरा झाला, पण पहाटेच्या फेरीला पुन्हा आला नाही. मोटारसायकलवरचा तरुण रडकुंडीस येऊन एकच वाक्य पुनःपुन्हा सांगत होता, की काका मला दिसलेच नाहीत. तो खोटे बोलत नव्हता. करडी शाल, करडा रस्ता आणि वर धुके, अशा वेळी माणूस दिसणार कसा?

पुढच्या नवरात्रात माझ्या नातीने आपल्या ओढणीवर लहान लहान दिवे शिवले. गरब्याच्या फेऱ्यात ती गिरकी घेई, तेव्हा ते दिवे एकामागून एक उजळत. सुरतेत असे दिव्यांचे पोशाख आता नवे नाहीत. बाजारात तयारही मिळतात. पण तिने तो स्वतः केला होता. मी तिला विचारले, "असे दिवे माझ्या उपरण्यावर होतील का?" ती म्हणाली, "होतील आजोबा, पण तुम्हीच करायचे. मी नुसते सांगेन." आयुष्यभर दुसऱ्यांना हेच वाक्य ऐकविलेल्या मास्तराला नाही म्हणणे शक्य नव्हते.

दिव्याचा स्वभाव

प्रथम दिव्याविषयी. एलईडी हा शब्द आता घराघरांत रुळला आहे. जुन्या दिव्यात तार तापून पांढरी होत असे आणि त्या तापण्यातून प्रकाश मिळे. एलईडीत तापण्याचे काम नाही. त्यात दोन प्रकारच्या अर्धवाहकांचा सांधा असतो. त्या सांध्यातून वीज वाहू लागली, की इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतात आणि मधल्या फरकाची ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. पायरी किती उंच, यावर प्रकाशाचा रंग ठरतो. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली दाखविला. निळ्याची पायरी अधिक उंच, म्हणून तेजस्वी निळा एलईडी हाती येण्यास पुढे सुमारे तीस वर्षे लागली. त्या कामाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एलईडीला दोन पाय असतात. लांब पाय धन बाजूचा, आखूड पाय ऋण बाजूचा. वीज लांब पायाकडून आखूड पायाकडेच जाते. उलट दिशेने जात नाही. हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या आठवड्यात मी तीन चांगले दिवे बिघडलेले समजून केरात टाकले.

दिव्याचा दुसरा स्वभाव अधाशी आहे. मिळेल तेवढी वीज तो घेतो आणि जळून जातो. म्हणून त्याच्या वाटेत एक रोधक ठेवावा लागतो. त्याचे गणित सातवी-आठवीच्या मुलाला येईल इतके सोपे आहे. माझा सेल ३ व्होल्टचा. तांबड्या दिव्याला सुमारे २ व्होल्ट पुरतात. उरला १ व्होल्ट. दिव्यातून १० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१ अँपिअर वीज जावी अशी माझी इच्छा. ओहमच्या नियमाने १ भागिले ०.०१, म्हणजे १०० ओहमचा रोधक. हा नियम मी १९६७ साली अकरावीच्या परीक्षेत पाठ करून लिहिला होता. तो प्रत्यक्ष वापरण्याची वेळ सत्तरीनंतर आली.

सेल नाण्यासारखा गोल असतो. त्याचे नाव सीआर २०३२. या आकड्यातच त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. त्यात सुमारे २२० मिलिअँपिअर-तास इतकी वीज साठविलेली असते. हिशेबाने १० मिलिअँपिअरचा एक दिवा बावीस तास चालावा. प्रत्यक्षात तो कमी चालतो, कारण हा सेल थोडी थोडी वीज दीर्घकाळ देण्यासाठी बनविलेला आहे. एकदम चार दिवे लावले तर तो लवकर दमतो. ही अडचण लक्षात ठेवावी. तिचा उपाय पुढे भाषेत सापडणार आहे.

सुरतेची जरी

सेल आणि दिवा यांच्यामध्ये तार हवी. साधी तांब्याची तार उपरण्यावर शिवली, तर कापड ताठ होते आणि चार घड्या पडल्या की तार तुटते. वस्त्रासारखी वागणारी तार कोठून आणावयाची, हा या छंदातला मूळ प्रश्न आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमधील रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी १९९७ साली या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेल्या कापडांत एक रेशमी ऑर्गन्झा होते. त्याचा ताणा साध्या रेशमाचा आणि बाणा धातूच्या पातळ पट्टीने वेढलेल्या रेशमाचा. असे कापड हिंदुस्थानात निदान शंभर वर्षे विणले जात आहे, अशी नोंद त्यांनी त्या निबंधात केली आहे. पुढे लिआ ब्यूकली या विदुषीने कपड्यावर शिवता येईल असा, फुलासारखा गोल संगणक-फलक तयार केला. २००७ साली तो लिलीपॅड या नावाने बाजारात आला आणि शिवणकाम जाणणारी असंख्य मुलेमुली त्याच्यामुळे विजेच्या कामात शिरली.

धातूने वेढलेले रेशीम हे शब्द वाचून सुरतकराला हसू आल्याखेरीज राहणार नाही. ती आपली जरी! चांदीची कांब क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी तार काढावयाची, ती चपटी करून बादला करावयाचा, बादला धाग्यावर गुंडाळावयाचा आणि शेवटी त्यावर सोन्याचा मुलामा चढवावयाचा; ही विद्या या शहरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. येवल्याच्या पैठणीच्या काठापदरावर जी जरी चमकते, ती सुरतेहून जाते. तेव्हा आपण मराठी माणसे ही जरी मिरवीत आलो आहोत. तिच्याकडे तार म्हणून मात्र पाहिले नाही.

मी बाजारातून तीन प्रकारची जरी आणली आणि मल्टिमीटर घेऊन बसलो. या उपकरणाच्या दोन सुया धाग्याच्या दोन टोकांना लावल्या आणि मधला मार्ग अखंड असला, की ते शीळ घालते. सच्च्या जरीवर त्याने शीळ घातली. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या, ज्याला आपण खोटी म्हणतो त्या जरीवरही घातली. प्लास्टिकच्या जरीवर मात्र ते गप्प राहिले. तिची चमक पॉलिएस्टरच्या फितीवरील धातूच्या अत्यंत पातळ थराची असते आणि त्यावर संरक्षक लेप असतो, म्हणून तिच्यातून वीज जाण्यास वाट मिळत नाही. डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसत होत्या.

एक न केलेला प्रयोग

येथे मला गुरुजींविषयी सांगितले पाहिजे. १९६४ च्या सुमाराची गोष्ट. मी आठवीत होतो. गुरुजी आम्हांला विज्ञानही शिकवीत आणि मराठीही. वाहक आणि दुर्वाहक हा पाठ चालू होता. टेबलावर एक सेल आणि एक लहान बल्ब होता. मध्ये खिळा, पेन्सिल, नाणे, सुतळी असे एकेक ठेवून बल्ब लागतो का, ते आम्ही पाहत होतो. गुरुजी म्हणाले, "आपण सुरतेत राहतो. जरीतून वीज जाईल का, बोला. कोणाच्या घरी जरी आहे? उद्या वीतभर घेऊन या."

कोणीच हात वर केला नाही. माझ्या घरी टोपलीभर जरी होती. वडिलांच्या पगारात सहा माणसांचे भागत नसे. म्हणून आई एका व्यापाऱ्याच्या साड्यांवर जरीची वेलबुट्टी टाचून देई. नगावर पैसे मिळत. हे काम ती दाराआड बसून करी, आणि ते काम कोणी पाहू नये म्हणून मी मित्रांना घरी आणत नसे. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पुन्हा विचारले. मी पुन्हा खाली पाहिले. त्यांनी पुढचा पाठ घेतला आणि तो प्रयोग राहून गेला.

पुढे मी महाविद्यालयात गेलो, प्राध्यापक झालो. ताणा आणि बाणा, सूत आणि वस्त्र, विणकर आणि ईश्वर यांच्या रूपकांवर चारशे पृष्ठांचा प्रबंध लिहिला. तो लिहीत असताना आई हयात होती आणि शेजारच्या खोलीत होती. धागा हाताळण्यात जिचे आयुष्य गेले, तिला मी एकही प्रश्न विचारला नाही. तिला काही ठाऊक असेल, असे मला वाटलेच नाही.

या वयात हाती सुई घेतली, तेव्हा तिची पहिली आठवण झाली ती अडचणीतून. मी जरी सुईत ओवून उपरण्यातून आरपार काढू लागलो. चारपाच टाक्यांतच वरचा बादला उसवून आतला धागा उघडा पडला. मल्टिमीटर गप्प. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मग एकाएकी आईचे हात डोळ्यांसमोर आले. ती जरी कधीच कापडातून ओढीत नसे. जरी कापडावर नुसती ठेवी आणि साध्या बारीक दोऱ्याने थोड्या थोड्या अंतरावर तिला वरून टाचीत जाई. डाव्या हाताचा अंगठा जरीवर आणि उजव्या हातात सुई. मी तसे केले. जरी अभंग राहिली आणि मल्टिमीटरने शीळ घातली. धातूचा धागा खेचावयाचा नाही, बसवावयाचा, हे ज्ञान माझ्या घरातच होते. ते मिळण्यास मला साठ वर्षे लागली.

आईची रीत आणखी एका कारणाने योग्य ठरली. विजेच्या तारेवर आवरण असते. जरी उघडी असते. धन बाजूची जरी ऋण बाजूच्या जरीला टेकली, की वीज दिव्याकडे न जाता जवळच्या वाटेने परत फिरते. माझे पहिले उपरणे पूर्ण झाल्यावर मी ते घडी घालून कपाटात ठेवले. सेल काढला नव्हता. घडीत दोन्ही धागे एकमेकांना चिकटले. तासाभराने सेल हाताला गरम लागला आणि निकामी झाला होता. तेव्हापासून मी दोन धाग्यांत दोन बोटांचे अंतर ठेवतो, अर्ध्या सेंटिमीटरवर टाका घालतो म्हणजे जरी सरकत नाही, गाठीच्या टोकांवर नखपॉलिशचा थेंब टाकतो म्हणजे धातूच्या कुसळ्या बाहेर येत नाहीत, आणि घडी घालण्यापूर्वी सेल काढतो. दिव्याचे पाय बारीक पकडीने वळवून त्यांच्या कड्या केल्या, की ते बटणासारखे शिवता येतात. त्या कडीभोवती जरीचे तीन घट्ट वेढे द्यावेत. एका वेढ्याचा सांधा चालताना सुटतो.

नखाएवढा संगणक

दिवे नुसते लागून राहावेत, एवढेच हवे असते तर काम येथे संपले असते. पण उपरण्याने अंधार ओळखावा आणि दिवे एकामागून एक लुकलुकावेत, म्हणजे मागच्या वाहनाचे लक्ष वेधेल, असे मला हवे होते. त्यासाठी मायक्रोकंट्रोलर लागतो. माझ्या उपरण्यावर एटीटायनी ८५ नावाची एक काळी चिप आहे. तिला आठ पाय. दोन विजेसाठी, एक पुन्हा आरंभ करविण्यासाठी, आणि पाच आपल्या कामाला मोकळे. त्यांपैकी चार पायांवर मी चार दिवे बसविले आणि पाचव्यावर प्रकाश ओळखणारा एक डोळा.

तिच्या पोटात आज्ञा साठविण्यास ८ किलोबाइट, म्हणजे ८,१९२ बाइट जागा आहे. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सामान्यतः तीन बाइट घेते. म्हणजे या पुस्तिकेची दोनएक पृष्ठे तिच्यात मावतील. एवढ्या जागेत सर्व सांगावयाचे, तर नेमकेपणाने सांगावे लागते. २००५ साली इटलीतील इव्हरेया गावी आर्डुइनो नावाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याने या चिपांना आज्ञा लिहिण्याची रीत सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. मीही तीच वापरतो.

आज्ञा लिहून वस्तूकडून काम करविण्याची ही कल्पना आली कोठून? ती मागातून आली, हे सुरतेत सांगावयास मला विशेष आनंद होतो. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ साली ज्या मागाचे पेटंट घेतले, त्यावर नक्षी छिद्रांच्या पुठ्ठ्यांत साठविलेली असे. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तेथे नाही. होय किंवा नाही, एक किंवा शून्य. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्रासाठी हेच पुठ्ठे घ्यावयाचे ठरविले. १८४३ साली त्या यंत्रावर टिपणे लिहिताना एडा लव्हलेस या विदुषीने, जकार्डचा माग जशी फुलेपाने विणतो तसे हे यंत्र बीजगणिताच्या आकृती विणेल, अशा अर्थाचे विधान केले. जकार्ड हा शब्द आपल्या शहरात मागावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. संगणकाच्या वंशावळीत आपले पूर्वज आहेत; आपण परके नाही.

पालुपद आणि जर-तर

आता माझ्या स्वतःच्या विषयाकडे येतो. चिपेला द्यावयाच्या आज्ञांचे दोन भाग असतात. पहिला एकदाच वाचला जातो. कोणता पाय कोणत्या कामाचा, ते त्यात सांगावयाचे. ही नांदी. दुसरा भाग संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि वीज असेपर्यंत चालतो. इंग्रजीत त्याला लूप म्हणतात. मी नातीला म्हणालो, "हे तर पालुपद." तिने तो शब्द ऐकला नव्हता. मी तिला अभंगातले ध्रुवपद समजावून सांगितले आणि तिने मला लूप समजावून सांगितला. त्या दिवशी आमची फिटंफाट झाली.

माझ्या उपरण्यातील पालुपद मराठीत असे आहे: डोळ्याकडून आकडा घे. जर आकडा तीनशेपेक्षा लहान असेल, तर पहिला दिवा लाव, पाव सेकंद थांब, विझव. मग दुसरा, मग तिसरा, मग चौथा. नसेल, तर काही करू नकोस. पुन्हा आरंभाकडे जा. डोळा हा उजेडाप्रमाणे रोध बदलणारा एक घटक असतो, आणि चिप त्याच्याकडून येणाऱ्या विजेचे ० ते १०२३ अशा आकड्यांत रूपांतर करते. मी तो अशा रीतीने जोडला आहे, की उजेड कमी झाला म्हणजे आकडा उतरतो. दिवे एकाएकाने लागत असल्यामुळे सेलवर एका वेळी एकाच दिव्याचा भार पडतो. मघाशी सांगितलेली सेलची अडचण अशी एका वाक्यरचनेने सुटली.

पहिल्या प्रयत्नात चिपेने माझी आज्ञा वाचण्याचेच नाकारले. वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यावयाचा राहिला होता. विरामचिन्हांसाठी विद्यार्थ्यांचे गुण कापण्यात ज्याची हयात गेली, त्याला ही शिक्षा योग्यच होती. दुसऱ्या प्रयत्नात भर दुपारी अंगणात दिवे लुकलुकू लागले आणि अंधाऱ्या खोलीत गेल्यावर विझले. 'पेक्षा लहान'च्या जागी मी 'पेक्षा मोठा' लिहिले होते. विद्यार्थी चुकीचे लिहितो तेव्हा परीक्षक त्याच्या मनात काय असावे याचा अंदाज घेतो. यंत्र अंदाज घेत नाही. लिहिले तेच ते वाचते. भाषेच्या शिक्षकाला इतका प्रामाणिक वाचक मिळणे हे भाग्य आहे.

नियमांनी भाषा बांधण्याची ही वृत्ती आपल्याला नवी नाही. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बसविली. संगणकाच्या भाषांचे व्याकरण लिहिण्याची जी पद्धत बॅकसच्या नावाने ओळखली जाते, तिच्या नावात पाणिनीचेही नाव असावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ साली केली होती. आणि आपल्या सुरतेचा मान वेगळा आहे. १८३६ साली ज्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० नंतरच्या दशकात या शहरात इंग्रजी शाळेत शिकवीत होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींसारख्या गुजराती सहकाऱ्यांसमवेत त्यांनी येथेच मानवधर्मसभा स्थापन केली. मराठी व्याकरणकार, इंग्रजी शाळा आणि गुजराती मित्र यांचा असा मेळ या शहराला अपरिचित नाही.

शाळेला एक विनंती

आज्ञावलीचे शब्द इंग्रजी असतात, तेव्हा आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांना हे कसे जमावे, असा प्रश्न मला विचारला जातो. आरंभाला लागणारे असे शब्द वीसपंचवीसच आहेत. जर, तर, नाहीतर, तोपर्यंत, थांब, वाच, लिही. खरे काम शब्दांचे नाही. विचार सुटा करून क्रमाने मांडण्याचे आहे, आणि ते मूल आपल्या भाषेत करते. आधी मराठीत पालुपद लिहावे, मग त्याचे आज्ञावलीत रूपांतर करावे. मी असेच शिकलो.

उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे आहेत. सुरत महानगरपालिका आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. त्या मुलांच्या घरी कोणी मागावर आहे, कोणी भरतकामाच्या यंत्रावर, कोणाची आई साड्यांना टिकल्या आणि लेस लावते. ही मुले ते काम वर्गात सांगत नसतील, जसे मी सांगितले नाही. माझी विनंती अशी, की शनिवारी दोन तास एका वर्गात एक लांब टेबल मांडावे. त्यावर सुया, दोरे, जरी, थोडे दिवे, रोधक, सेल आणि दोनचार चिपा असाव्यात. एक एलईडी आज काही रुपयांत मिळतो. शिकविण्यास शिवण जाणणारी एखादी आई आणि विज्ञानाचे शिक्षक, दोघेही बरोबरीने बसावेत. मी येईन.

काळजीच्या गोष्टी मात्र कडक पाळाव्यात. नाण्याएवढा सेल लहान मुलाने गिळला, तर तो थोड्या तासांत अन्ननलिका जाळू शकतो आणि जीव जाऊ शकतो. म्हणून तो स्क्रूने बंद होणाऱ्या कप्प्यात असावा, आणि गिळल्याचा संशय आला तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. घरातील भिंतीवरच्या विजेशी या कपड्यांचा कधीही संबंध आणू नये. फोनमधल्यासारखे लिथियमचे चपटे सेल नवशिक्याने अंगावर बाळगू नयेत. धुण्यापूर्वी सेल काढावा आणि कापड पूर्ण वाळल्याखेरीज पुन्हा लावू नये. घामाने ओल्या कापडातूनही थोडी वीज इकडे तिकडे जाते, तेव्हा उपरण्याला आत अस्तर लावावे.

माझे उपरणे आता तीन हिवाळे वापरात आहे. फेरीतील इतर चौघांसाठीही मी तशी करून दिली. ज्याला धडक बसली होती, त्याला दिलेले उपरणे त्याच्या खुंटीवर वर्षभर तसेच होते. गेल्या मार्गशीर्षात एका पहाटे कोपऱ्यावर चार तांबडे दिवे हलताना दिसले. तो उभा होता.

शेवटी गुरुजींचा प्रयोग. आईच्या ट्रंकेत जुन्या चोळखणांखाली जरीची एक गुंडी सापडली. ती साठ वर्षांपूर्वीचीच असेल असे मी म्हणत नाही. पण तिच्या हातची आहे. चांदी काळवंडली आहे. मी मऊ फडक्याने ती पुसली, एका बाजूस सेल, दुसऱ्या बाजूस दिवा, आणि मध्ये वीतभर जरी ठेवली. ती मांडणी मी आज येथे आणली आहे. व्याख्यानानंतर ज्यांना पाहावयाची असेल, त्यांनी टेबलाशी यावे.

गुरुजी, जरीतून वीज जाते. माझ्या घरी जरी होती. सांगावयास उशीर झाला, क्षमा असावी.